झाडलोटीचं चेकिंग

साफसफाई या विषयावर माझं आणि आमच्या हिचं आजवर कधी जमलेलं नाही. दर दिवाळीला ती माळा आवरते आणि दर मार्चमध्ये मी त्याच माळ्यावर विम्याच्या पावत्या शोधतो. माळा लख्ख असतो, पावत्या नसतात. बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासून माझं असं ठाम मत झालं आहे की, जगात पसाऱ्यानं जेवढं हरवलं नसेल तेवढं आवराआवरीनं हरवलं आहे.

हे मत मी परवा भाच्यापुढे मांडलं आणि फसलो.

तो आला होता अण्णांच्या कार्डासाठी. अण्णांनी म्हटलेली शेवटची गणपतीची आरती माझ्या जुन्या कॅमेऱ्यातल्या ६४ जीबीच्या मेमरी कार्डात होती. अण्णा गेल्यावर ते कार्ड लावून बघायचा मला धीर झाला नव्हता. भाचा कॉम्प्युटर इंजिनिअर. दिवसा पगारासाठी कोड लिहितो आणि रात्री लिनक्ससाठी फुकट. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली सुरू केलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम जगभरची माणसं मिळून सांभाळतात, काही पगारी, काही हौशी. आमच्या चाळीच्या गणपतीसारखंच; फरक इतकाच की तिथला हिशेब कुणालाही बघता येतो.

"मामा, मी साफसफाईचा पॅच पाठवतोय. त्याआधी नमुन्यादाखल जुने वाचतोय. तूही वाच. तुला भाषा नाही कळणार, पण चेकिंग कळतं."

मी पडलो बी.कॉम. माझा धंदा टिक मारण्याचा, टीका करण्याचा नव्हे. पण भाच्यानं समीक्षकाची झूल अंगावर घातलीच आहे, तर मान डोलावणं भाग आहे.

आधी प्रकरण काय ते सांगतो. कार्डावरची फाइल सिस्टिम म्हणजे रेकॉर्ड रूम, आणि ड्रायव्हर म्हणजे तिथला दफ्तरी. कुठला कागद कुठल्या कपाटात, हे त्यालाच ठाऊक. ३२ जीबीच्या वरच्या कार्डांवर जी पद्धत वापरतात तिचं नाव एक्सफॅट. ती मायक्रोसॉफ्टची. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिचे नियम खुले केले आणि सॅमसंगनं लिहिलेला एक जुना ड्रायव्हर लिनक्सच्या ५.४ या आवृत्तीत आला. पण घरात नव्हे, ओसरीवर. लिनक्समध्ये 'स्टेजिंग' नावाची एक जागा आहे. गबाळा कोड तिथे ठेवतात आणि न्हाऊ-माखू घालून मग आत घेतात. या पाहुण्याला न्हाऊ घालायला अनेकांनी बाह्या सरसावल्या. त्या आंघोळीचे पॅच माझ्यापुढे होते.

पहिला प्रकार नावं बदलण्याचा. मूळ कोडात कामांची नावं 'एफएफएसमाउंटव्हॉल' अशी, मध्येच मोठी अक्षरं घुसवून एका दमात लिहिलेली. लिनक्सच्या घरी लहान अक्षरं आणि मधे रेघ अशी रीत, म्हणून ती तशी केली. छान दिसतं, टिक मारली. पण जुलै २०१८ मध्ये आमच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. नाव आमच्या देवीचं, मला प्रियच आहे. मात्र २९ सप्टेंबर २०१७ ला ज्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तो नुसत्या नावानं इंचभरही रुंद झाला नसता. त्यासाठी वेगळा पूल बांधावा लागला. तो लष्करानं बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. नाव बदलण्याला माझी हरकत नाही. तेवढ्यावर हात झटकून घरी जाण्याला आहे.

दुसरा प्रकार मात्र मला मानावा लागला. तो वाल्डिस क्लेटनिएक्स या गृहस्थाचा. या ड्रायव्हरला चूक सांगायची स्वतःची बोली होती. जागा संपली, नाव सापडलं नाही, असल्या प्रत्येक भानगडीला त्याचा घरगुती आकडा. लिनक्सची रीत अशी की शून्य म्हणजे सगळं ठीक आणि ऋण आकडा म्हणजे चूक. फाइल नसेल तर उणे २, जागा संपली तर उणे २८. (शून्य दिसलं की हर्ष होणारी जमात जगात फक्त बॅलन्सिंगला बसलेल्या क्लार्कांचीच, असं मी आजवर समजत होतो.) त्यामुळे ड्रायव्हरच्या दारोदारी एकेक दुभाषी बसवलेला. आतून आकडा आला की हा विचारणार: अमुक आहे का? नाही. तमुक आहे का? नाही. मग कुठलाच ओळखीचा नसला, की बाहेर ओरडून सांगणार, 'उणे ५!' म्हणजे लिहिता-वाचता आलं नाही. काउंटरवर विचारावं, "पैसे का मिळत नाहीत?" आणि आतून उत्तर यावं, "काहीतरी झालंय." असल्या उत्तरानं गिऱ्हाइकाचं भलं होत नाही, क्लार्कचा मात्र चहा होतो.

क्लेटनिएक्सनी घरगुती बोली काढून आत-बाहेर एकच भाषा केली आणि दुभाष्यांना घरी पाठवलं. एका पॅचमध्ये एकच बदल, म्हणजे एका व्हाउचरवर एकच व्यवहार. चेकिंग करणाऱ्याला याहून मोठा मान नाही.

तरी धोका इथेच आहे. दहा ठिकाणी आकडा बदलला आणि अकराव्या ठिकाणी जुना धन आकडा राहिला, तर 'ऋण आहे का?' एवढंच विचारणारा माणूस ती चूक यश समजून पुढे जाईल. कार्ड भरलंय, आरती लिहिली गेलेली नाही आणि यंत्र म्हणतंय, 'झालं!' अशी चूक वरवर बघून दिसत नाही, कारण ती न बदललेल्या ओळीत बसलेली असते. म्हणून साफसफाईची समीक्षा म्हणजे काय लख्ख झालं ते बघणं नव्हे. काय तसंच राहिलं आणि काय जाता कामा नये होतं, ते शोधणं. जो वाचून 'रिव्ह्यूड-बाय' लिहितो त्याचं नाव कोडाच्या इतिहासात कायमचं चिकटतं. आमच्या इनिशियलचंही तसंच. चूक सापडली की आधी इनिशियल कुणाची, ते बघतात.

आता शोकांतिका. ही आंघोळ चालू असताना, नोव्हेंबर २०१९ मध्येच, सॅमसंगच्या माणसांनी नवा ड्रायव्हर पुढे केला. मे २०२० मध्ये ५.७ आवृत्तीबरोबर तो थेट घरात आला आणि ओसरीवरचा पाहुणा, न्हाणंमाखणं अर्धवट असतानाच, काढून टाकला गेला. पुनर्विकासाला गेलेल्या चाळीचा जिना रंगवावा, तसं झालं.

"म्हणजे मेहनत फुकट?" मी विचारलं.

"मामा, नव्यातही चुका घरच्याच भाषेत सांगतात. आणि ज्यांनी जुना घासला, ते वाचायला शिकले."

मी गप्प बसलो. निवृत्त झालेल्या कित्येक साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलेली लेजरं आज रद्दीत आहेत. बेरीज तपासायची सवय मात्र माझ्याकडेच आहे.

मग भाच्यानं कार्ड त्याच्या लॅपटॉपला लावलं. यादी आली. अण्णा दिसले. नेहमीप्रमाणे दुसऱ्या कडव्याला त्यांचा सूर सुटला, आणि आमची ही पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली. तो सूर मात्र कुणी दुरुस्त केलेला नव्हता. बरं झालं.

भाच्याचा पॅच मी दोनदा वाचला. एका ओळीपाशी बोट ठेवून विचारलं, "ही का काढलीस?"

"जास्तीची वाटली."

"वाटली, की आहे?"

त्या रात्री तो उशिरापर्यंत बसला होता. ती ओळ त्यानं परत ठेवली, हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी टिक मारली.