लेड बेलीचें ‘टायटॅनिक’ : खोट्या हकीकतीची खरी साक्ष

पोवाडा हें इतिहासाचें साधन मानावें कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. अस्सल कागदाशीं न जुळणारें कवन टाकाऊ समजावें, असा एक पक्ष. पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडीं टिकलेलें कवन सर्वस्वीं खोटें कसें असेल, असें विचारणारा दुसरा. दोहोंकडे हट्ट फार व परीक्षा थोडी, असें आमचें मत पुष्कळ दिवसांचें आहे. प्रस्तुत लेखांत या वादाची तपासणी आम्ही एका परदेशी कवनाच्या आधारें करणार आहों. परदेशी अशासाठीं, कीं त्याच्या नायकाशीं आपलें सोयरेंही नाहीं आणि वैरही नाहीं. शिवाय ज्या प्रसंगाचें तें कवन आहे, त्याची कागदोपत्रीं माहिती इतकी विपुल आहे कीं खरें-खोटें निवडण्यास अडचण पडूं नये.

हें कवन अमेरिकेंतील कृष्णवर्णी गायक हडी लेडबेटर याचें. लोकांत तो लेड बेली या नांवानें प्रसिद्ध आहे. लुइझियाना राज्यांतील अँगोला येथील तुरुंगांत तो कैदी असतां, १९३३ सालीं, लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स व त्यांचे चिरंजीव ॲलन यांनीं त्याचीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. तेथून त्याची कीर्ति पसरली. तो १९४९ च्या डिसेंबरांत वारला. त्याच्या आदल्या वर्षीं फ्रेडरिक रॅमसे यांनीं न्यूयॉर्क येथें त्याच्या गाण्यांचें विस्तृत मुद्रण करून ठेविलें. त्यांत ‘टायटॅनिक’ हें गाणें आहे. आपण तें १९१२ च्या सुमारास, डॅलसकडे ब्लाइंड लेमन जेफरसन या अंध गायकाच्या जोडीनें फिरत असतां, बारा तारांच्या गिटारवर म्हणत असूं, असें लेड बेली सांगे.

कवन लहान आहे. रात्रीच्या समयीं महासागरांतून चाललेलें जहाज, बर्फाच्या डोंगराची गांठ, बायकामुलांचा आकांत आणि ध्रुपदांत जहाजाला पुनःपुन्हा दिलेला निरोप, असा त्याचा सांगाडा आहे. या सांगाड्यांत दोनच ठिकाणीं जॅक जॉन्सन हा पुरुष येतो. प्रथम तो जहाजावर चढूं पाहतो, तेव्हां कप्तान त्याच्या रंगावरून त्यास कोळशाची उपमा देऊन असला माल आपण नेत नाहीं, अशा अर्थाचें बोलतो. पुढें जहाज बुडाल्याची वार्ता ऐकून जॉन्सन आनंदानें नाचूं लागतो. गायक आपल्या जातिबांधवांसही सुचवितो कीं, या अनर्थांत तुमचें पोर, ना मुलगी ना मुलगा, गेलें नाहीं. तर हर्ष करा.

हा जॉन्सन कोण, हें सांगितल्याविना कवनाचा अर्थ लागणार नाहीं. आपल्या भाषेंत ‘मल्ल’ हा शब्द सैल वापरतात. हा मल्ल नव्हे, धंदेवाईक मुष्टियोद्धा. परागंदा असतां पॅरिस येथें तो कुस्तीच्या आखाड्यांतही उतरला, ही गोष्ट वेगळी. जन्म १८७८, टेक्सास राज्यांतील गॅल्व्हस्टन येथें. त्या काळीं जड वजनाच्या गटांतील अजिंक्यपद म्हणजे गोऱ्यांची मिरास होती. कृष्णवर्णी प्रतिस्पर्ध्याशीं आपण लढणारच नाहीं, असें विजेते उघड सांगत. या नियमास ‘वर्णरेषा’ असें नांवच पडलें होतें. जॉन्सननें टॉमी बर्न्स या विजेत्याचा देशोदेशीं पाठलाग केला आणि २६ डिसेंबर १९०८ रोजीं सिडनी येथें त्याचा पराभव करून तें पद घेतलें. तें परत मिळविण्यासाठीं जिम जेफ्रीज या निवृत्त विजेत्यास पुन्हा उभें करण्यांत आलें. ४ जुलै १९१० रोजीं रीनो येथें पंधराव्या फेरींत त्याचाही निकाल लागला. त्या रात्रीं अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगे होऊन कृष्णवर्णी लोकांचे प्राण गेले. पुढें १९१२ च्या जुलैंत, मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेण्यास बंदी करणारा कायदाच झाला. १९१३ सालीं केवळ गोऱ्या पंचांच्या निर्णयानें जॉन्सन दोषी ठरला. गोऱ्या स्त्रीबरोबरचा प्रवास हें त्या खटल्याचें निमित्त. तो सात वर्षें परदेशीं राहिला, १९१५ सालीं हवाना येथें पद गमावून बसला, आणि १९२० मध्यें परत येऊन त्यानें शिक्षा भोगली. मरणोत्तर क्षमापत्र मिळालें तें २४ मे २०१८ रोजीं.

आतां कवनाची परीक्षा. टायटॅनिक जहाज १० एप्रिल १९१२ रोजीं साउदॅम्प्टनहून निघालें, १४ तारखेस रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं बर्फाच्या डोंगरावर आदळलें व पावणेतीन तासांच्या आंत बुडालें. सुमारें पंधराशें माणसें मेलीं. जॉन्सन त्या वेळीं अमेरिकेंतच होता. इंग्लंडहून अमेरिकेस येणाऱ्या जहाजावर चढण्याचा किंवा नाकारला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेव्हां कवनाची मुख्य हकीकत खोटी. इतकेंच नव्हे, तर त्या जहाजावर एक कृष्णवर्णी गृहस्थ सहकुटुंब प्रवास करीत होता. जोसेफ लारोश हा हैतीचा इंजिनियर. त्याची फ्रेंच पत्नी व दोन लहान मुली त्याच्यासह दुसऱ्या वर्गांत होत्या. त्यांनीं आधीं दुसऱ्या जहाजाचीं तिकिटें घेतलीं होतीं. पण तेथें मुलांस आईबापांच्या पंक्तीस जेवूं देत नसत, म्हणून त्यांनीं टायटॅनिक पत्करलें. पत्नी व मुली वांचल्या, लारोश बुडाला. म्हणजे मुलगी किंवा मुलगा गेला नाहीं, हें कवनाचें म्हणणें या कुटुंबापुरतें अक्षरशः खरें आणि भावार्थानें खोटें. एक बाप गेला, व त्याचें पोटांतलें मूल त्याच वर्षाच्या अखेरीस पितृहीन जन्मलें.

पहिल्या पक्षाचा न्याय लावला तर कवन येथेंच केराच्या टोपलींत जावें. परंतु आमचें शिक्षण ज्या शास्त्रांत झालें, तें इतकी घाई करूं देत नाहीं. मीमांसकांनीं अर्थवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. अन्य प्रमाणाशीं ज्याचा विरोध येतो तो गुणवाद. अन्य प्रमाणानें आधींच ठरलेलें जो पुन्हा सांगतो तो अनुवाद. ज्यास विरोधही नाहीं व दुजोराही नाहीं तो भूतार्थवाद. यज्ञांतील यूपास सूर्य म्हणणारें वाक्य प्रत्यक्षाशीं विरोधी आहे. म्हणून तें कोणी फेंकून देत नाहीं, तर त्या लांकडाच्या ठायीं सूर्याचा कोणता गुण पाहिला, असें विचारतो. हीच चाळणी येथें लावावी. जहाज, बर्फ, मध्यरात्र हा अनुवाद. इतिहासकारास त्यांत नवें कांहीं नाहीं. आपण तें गाणें १९१२ च्या सुमारास म्हणत असूं, हें गायकाचें सांगणें भूतार्थवाद. तें नोंदवून ठेवावें. आणि कप्तानानें जॉन्सनला नाकारलें हा गुणवाद. खरा लाभ येथेंच आहे. कारण जें घडलेंच नाहीं तें लोकांनीं कां घडविलें, हा प्रश्न तेथें उभा राहतो.

उत्तर फार दूर नाहीं. १९११ च्या शरदांत जॉन्सन इंग्लंडांतच होता. बिली वेल्स या इंग्रज योद्ध्याशीं त्याचा सामना लंडनमध्यें ठरला होता. धर्मोपदेशकांनीं त्याविरुद्ध ओरड केली. साम्राज्यांतील काळ्या प्रजेवर अशा सामन्याचा काय परिणाम होईल, ही काळजीही त्या ओरडींत होती. शेवटीं गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं तो सामना बेकायदा ठरविला. तेव्हां इंग्लंडच्या भूमीवर जॉन्सनला दार बंद झालें, ही गोष्ट सत्य. जहाजाचें दार तेवढें कल्पित. ज्या मनुष्यास वर्षानुवर्षें रिंगणाच्या दाराशीं थांबविलें, त्यास जगांतील सर्वांत मोठ्या जहाजाच्या दाराशीं उभें करण्यांत लोककवीनें स्थळ बदललें, न्याय बदलला नाहीं. याहून विलक्षण गोष्ट पुढें घडली. १९४६ च्या जूनमध्यें उत्तर कॅरोलिनांतील एका उपाहारगृहांत जॉन्सनला मागील बाजूस बसून खाण्यास सांगितलें. संतापून तो मोटार हांकीत निघाला व अपघातांत मेला, असें त्याचे चरित्रकार लिहितात. कवनांतील नकार खोटा होता; चौतीस वर्षांनीं त्याचा जीव घेणारा नकार खरा होता.

एक आक्षेप येथें येईल, व तो रास्त आहे. पंधराशें मृतांवर नाचणें हा कोणता रस? जॉन्सनचें नृत्य आम्हांसही प्रथम खटकलें. त्याच समाजांतील ब्लाइंड विली जॉन्सन यानें १९२९ मध्यें मुद्रित केलेल्या आपल्या टायटॅनिकच्या गाण्यांत ईश्वराचा हात पाहिला. तेथें शोक आहे, भय आहे, नृत्य नाहीं. म्हणजे नृत्य हा त्या समाजाचा एकमेव भाव नव्हता. परंतु लेड बेलीचें नृत्य मृतांवर नाहीं. अपमानानें दार बंद झालें तेंच जीवदान ठरलें, या उलटापालटीवर तें आहे. येथें करुण दुबळा राहिला, हा कवनाचा दोष आम्ही मान्य करतों; गायकाला बुडणाऱ्यांचीं तोंडें दिसलीं नाहींत. पण ज्यांनीं त्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं, त्यांच्याविषयीं तें कवन आहे, हेंही विसरतां येत नाहीं.

आतां या लेखाचें मुख्य प्रयोजन. गोऱ्या श्रोत्यांपुढें गातांना जॉन्सनचें कडवें आपणांस गाळावें लागे, असें लेड बेलीनें स्वतः सांगून ठेविलें आहे. संग्राहकांनीं या एका वाक्यावर दिवसभर विचार करावा. तें कडवें काढलें कीं उरतो तो एक बुडालेल्या जहाजाचा सामान्य विलाप, निव्वळ अनुवाद. ज्या कडव्यासाठीं कवन जन्मलें, तेंच श्रोता पाहून नाहींसें होतें. आणि लिहून घेणाऱ्याच्या वहींत रिकामी जागाही राहत नाहीं, कारण कांहीं गळलें आहे असें त्यास ठाऊकच नसतें. पोथीचें पान फाटलें तर पत्रांक सांगतात. गायकाचें मौन कोणता पत्रांक सांगणार?

आपल्याकडे १८९१ सालीं ॲकवर्थ व शाळिग्राम यांनीं पोवाड्यांचा जो संग्रह छापला, त्याचे उपकार आम्ही सर्व मानतों. परंतु ॲकवर्थ हे सरकारी साहेब होते, व गाणारे गोंधळी होते. साहेबापुढें गोंधळ्यानें काय गाळलें असेल, हा प्रश्न आम्हीं कधीं विचारला नाहीं. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. कारण तसा दोष आमच्याच पदरीं आहे, व तो सांगण्यासाठींच हा लेख लिहिला.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, शाळेच्या सुटींत, एका गांवीं डफावर गाणाऱ्या एका वृद्धाकडून आम्हीं तेथील जुन्या पैलवानाचें कवन लिहून घेतलें. पाटलाच्या ओसरीवर आम्ही सतरंजीवर बसलों होतों. गाणारा खालीं अंगणांत. सात कडवीं मिळालीं. तें कवन ‘समग्र’ या शब्दासह आम्हीं छापलें. बारा वर्षांनीं त्या वृद्धाच्या वस्तींत त्याच्या नातवाच्या तोंडून तेंच कवन ऐकण्याचा योग आला, तेव्हां कडवीं आठ निघालीं. आठव्यांत, पैलवान फडांत जिंकला तरी मानाचा फेटा त्याच्या हातीं न देतां वरून टाकला, ही हकीकत होती. आजोबांनीं हें आम्हांस कां सांगितलें नाहीं, असें विचारतां नातू सहज म्हणाला, “तुम्ही ओसरीवर होतां, गुरुजी.” त्या ‘समग्र’ शब्दाची दुरुस्ती करण्यास आम्हांस आणखी इतकीं वर्षें लागलीं, याची लाज वाटते.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंती अशी. कवन टिपतांना पाठाबरोबर गाणारा कोण, ऐकणारे कोण, व कोण कोठें बसलें होतें, हेंही टिपावें. एका बैठकींतील पाठास समग्र म्हणूं नये. गायकाच्या घरीं, त्याच्या आप्तांमध्यें दुसरा पाठ घ्यावा. हकीकत कागदाशीं विरोधी दिसली तर खोडूं नये. समासांत ‘गुणवाद’ एवढी खूण करावी व तो गुण कोणता, याचा शोध घ्यावा. आमचें आठवें कडवें पहिल्या सातांसह, वरील सर्व तपशील लिहून, मंडळाच्या दप्तरांत जमा केलें आहे. ज्यांच्या बाडांत अशीं ‘समग्र’ कवनें असतील, त्यांनीं तीं पुन्हा एकदां घेऊन जावीं आणि या खेपेस अंगणांत बसावें.