श्रमाची मोजणी आणि प्रश्नांची भाषा : वरणगावच्या निमित्ताने

ग्रामीण प्रौढांची राहणी आणि त्यांच्या शरीरातील चयापचयाचे आरोग्य यांचा संबंध शोधणारे संशोधन गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढले आहे. त्याची वैद्यकीय बाजू तपासण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. परंतु रक्तातील शर्करा उपकरण मोजते. श्रम मात्र मोठ्या पाहण्यांत बहुधा विचारूनच मोजले जातात, आणि विचारणे ही भाषिक क्रिया आहे. तेवढ्यापुरता आपला अधिकार नाकारण्याचे कारण दिसत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडिआब’ पाहणीतील शारीरिक हालचालींविषयीचा भाग २०१४ साली प्रसिद्ध झाला. तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील १४,२२७ व्यक्तींपैकी ५४.४ टक्के ‘निष्क्रिय’ ठरल्या. ग्रामीण भागात हे प्रमाण ५० टक्के निघाले. महाराष्ट्रातील ९१.३ टक्के लोकांनी फावल्या वेळातील कोणतीही शारीरिक हालचाल सांगितली नाही. हे आकडे खोटे आहेत असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. मोट गेली आणि वीजपंप आला, ठिबक सिंचन आले, तणनाशकाने निंदणी कमी केली, शेतावर जाणारी पावले मोटारसायकलवर बसली. पूर्व खानदेशात जात्याला ‘घरोट’ म्हणतात. त्या घरोटावर बहिणाबाई चौधरींनी गाणे रचले, पण आज त्या भागातील तरुण सुनेला तो शब्द ऐकूनच ठाऊक असतो. गिरणीने दळण घेतले, त्याबरोबर त्या दळणाचे श्रमही घेतले. तेव्हा ग्रामीण श्रम घटले नाहीत असा भाबडा दावा कोणी करू नये. प्रश्न इतकाच आहे की, जे श्रम उरले आहेत ते या प्रश्नांच्या जाळ्यात सापडतात काय?

या पाहणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली वापरली गेली. तिची बांधणी अशी : दिवसाचे तीन भाग करावयाचे—काम, ठिकठिकाणी जाणे-येणे आणि फावल्या वेळातील खेळ वा व्यायाम; प्रत्येकात सलग दहा मिनिटे तरी चाललेली हालचाल ‘साधारण आठवड्या’च्या हिशेबाने विचारावयाची; श्वास आणि नाडी फार वाढत असल्यास ती तीव्र, थोडी वाढत असल्यास मध्यम; शेवटी बसण्यात किंवा पडून राहण्यात गेलेला वेळ. ही रचना निर्दोष इंग्रजीत सुबोध वाटते. मात्र तिच्यातील प्रत्येक संज्ञा कोणत्या तरी जीवनक्रमातून उचललेली आहे.

वरणगावचे उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे, कारण या एकाच गावात दोन प्रकारचे दिवस नांदतात. भुसावळ तालुक्यातील या गावी १९६४ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथील कामगाराचा दिवस या प्रश्नावलीत चपखल बसतो. त्याची ‘ड्यूटी’ असते, ड्यूटीवर जाणे-येणे असते, आणि सुटल्यावर उरलेला वेळ त्याचा स्वतःचा असतो. पाळी बदलली तरी आठवडा हे माप त्याला परके नाही. किंबहुना प्रश्नावलीतील त्रिभाजन हे मुळात भोंग्यावर चालणाऱ्या दिवसाचेच त्रिभाजन आहे. पण त्याच गावच्या शिवारात केळी आणि कपाशी यांवर पोट असलेल्या सालदाराचे काय? त्याचे साल आखाजीपासून मोजले जाते. त्याचा ‘साधारण आठवडा’ कोणता—घड उतरविण्याचा, की पावसाच्या उघडिपीची वाट पाहण्याचा? वेचणीच्या दिवसांत विचारले तर एक उत्तर येईल, चैत्रात विचारले तर दुसरे. आणि दोन्ही उत्तरे खरी असतील.

‘जाणे-येणे’ या भागासाठी आपल्या प्रमाण लेखनात ‘प्रवास’ हा शब्द सहज पुढे येतो. खेड्यात प्रवास म्हणजे गाडीत बसून परगावी जाणे. शेतात चालत जाण्याला कोणी प्रवास म्हणत नाही. डोक्यावर सरपण किंवा चाऱ्याचा भारा घेऊन परतणारी बाई ‘तुमचा प्रवास किती होतो?’ या प्रश्नास ‘मी कुठे जाते?’ असे उत्तर देईल, आणि त्या उत्तराची नोंद शून्य म्हणून होईल.

याहून गंभीर अडचण ‘तीव्र’ या संज्ञेची आहे. श्वास फार वाढतो काय, हे मराठीत विचारावयाचे तर ‘धाप लागते का?’ किंवा ‘दम लागतो का?’ असेच विचारावे लागते. हे दोन्ही प्रयोग बोलीत दुर्बलतेचे आणि आजाराचे सूचक आहेत. दमा हा शब्द ‘दम’च्या घरातलाच. वरणगावच्या बाजारात एका वयस्क केळी-उत्पादकास मी सहज हा प्रश्न केला, तेव्हा ते किंचित रागावूनच म्हणाले, ‘मला काय झालंय धाप लागायला?’ हे गृहस्थ तरुण मजुरांच्या बरोबरीने घड वाहून नेणारे होते. एका व्यक्तीवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण जो सर्वाधिक कष्ट करतो तोच धाप नाकारण्याची शक्यता अधिक, हा दोष यादृच्छिक नसून एका दिशेने झुकणारा आहे. मोठ्या संख्येने तो भरून निघत नाही.

‘बसणे’ या क्रियापदाविषयी तर स्वतंत्र लेख लिहिता येईल. मराठीत माणूस खुर्चीवर बसतो, चुलीपुढे बसतो, आणि निंदणीलाही बसतो. उकिडवे बसून दिवसभर तण काढणारी स्त्री ‘दिवसभर बसूनच असते’ असे म्हणाली तर ती असत्य बोलत नाही. टांझानियातील हाडझा या शिकारी-संग्राहक जमातीचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे आठवतो. ते लोकही दिवसाचे सुमारे दहा तास विश्रांतीच्या स्थितीत घालवितात. परंतु त्यांतील बराच वेळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसण्यात जातो आणि त्या वेळी पायांचे स्नायू खुर्चीतल्यापेक्षा अधिक काम करीत असतात, असे त्यात आढळले. ‘बैठी जीवनशैली’ हा अलीकडे रूढ झालेला शब्दप्रयोग हा भेद पुसून टाकतो. त्यातील ‘शैली’ हे पदही मला खटकते. शैली निवडता येते. मजुरीचा दर आणि रेशनवरील धान्य निवडता येत नाही.

असे असूनही दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणता येणार नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात गरोदर स्त्रियांच्या श्रमांची प्रश्नावली तयार करण्यापूर्वी गावातील गटांशी चर्चा करण्यात आली. स्थानिक कामे तिच्यात घातली गेली, आणि निरीक्षकाने ठेवलेल्या दैनंदिनीशी ती पडताळून पाहिली गेली. २००३ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा की, गरोदरपणी अधिक श्रम करणाऱ्या मातांची बाळे वजनाने कमी भरली. याच अभ्यासातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या गावांतील नवजात बालकाचे वजन सरासरी २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनच्या बालकापेक्षा सुमारे ८०० ग्रॅम कमी असूनही, त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नसते. पुढील आयुष्यातील मधुमेहाच्या शक्यतेशी ते हे जोडतात. अर्थात ‘हालचाल’ या एका शब्दाखाली शेतमजुरीचे कष्ट आणि नागरी फेरफटका एकत्र घातले, तर जे कष्ट एका पिढीला अपाय करतात तेच आरोग्याच्या खात्यावर जमा होतात.

रोगाच्या नावाबाबत मात्र लोकभाषेने आपले काम चोख केले आहे. ‘मधुमेह’ हा शब्द मूत्राकडे बोट दाखवितो, तर आजची तपासणी रक्ताची असते. खेड्यात ‘त्याला शुगर आहे’ असे म्हणतात, आणि चहात ‘साखर’ घालतात. एकाच पदार्थाचे परकीय नाव रोगाला आणि जुने नाव खाद्याला, अशी ही वाटणी कोणत्याही परिभाषा समितीने केलेली नाही. तसाच भेद ‘मेहनत’ आणि ‘व्यायाम’ यांत लोक करतात : मेहनत पोटासाठी, व्यायाम अंगासाठी. ज्याला व्यायाम विचारला तो शेतकरी मेहनत सांगणार नाही. म्हणून प्रश्नावलीचे भाषांतर करणाऱ्याने प्रथम त्या गावातील कामांची क्रियापदे गोळा करावीत—निंदणे, वेचणे, खुरपणे, पाणी भरणे, घड वाहणे—प्रत्येक काम वर्षातील कोणत्या महिन्यांत आणि किती दिवस चालते ते विचारावे, आणि श्रमांची तीव्रता ठरविण्याचे काम उत्तर देणाऱ्यावर न टाकता स्वतःकडे घ्यावे. बसण्याच्या प्रश्नाला निदान तीन घरे हवीत : खुर्ची वा खाट, पाट वा जमीन, आणि उकिडवे.