क्लेडनचे बाण आणि मागे राहिलेला पुरावा

ऑरगॅनिक घेऊन एम.एस्सी. करणाऱ्यांनी 'कुठलं पुस्तक वाचू?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : क्लेडन. म्हणजे क्लेडन, ग्रीव्ह्ज आणि वॉरन यांचं 'ऑरगॅनिक केमिस्ट्री'. पहिली आवृत्ती २००१ची, दुसरी २०१२ची, पानं १२००हून जास्त. पुस्तक चांगलं आहे यात वाद नाही. पण ते नेमकं कशात चांगलं आहे आणि कुठे कमी पडतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी चांगलं. १९५९मध्ये आलेल्या मॉरिसन-बॉइडची मांडणी संयुगांच्या गटांनुसार आहे : अल्केन, अल्कीन, अल्कोहोल, अल्डिहाइड. आपल्याकडची बी.एस्सी.ची पुस्तकंही बरीचशी याच वाटेने जातात. त्यामुळे आल्डॉल, क्लेझन, पर्किन, नोएव्हेनागेल या आपल्या वहीत चार वेगळ्या नेम रिॲक्शन होतात आणि चार वेळा पाठ केल्या जातात. क्लेडन मेकॅनिझमनुसार चालतो. कार्बोनिलवर न्यूक्लिओफाइल कसा येतो, हे सहाव्या प्रकरणातच येतं. पुढे ईनोलेट भेटला की लक्षात येतं, ढोबळमानाने या चारही ठिकाणी एकच गोष्ट घडतेय : एका रेणूचा ईनोलेट दुसऱ्याच्या कार्बोनिल कार्बनवर जातोय. चार पाठांतरांच्या जागी एक कल्पना. हे मोठंच काम आहे.

आणि वाकडा बाण? बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो आणि ती जोडी जिथे जाते तिथे संपतो. इतका साधा नियम, पण तो शिस्तीने वापरायला हे पुस्तक शिकवतं.

आता तक्रार. बाण म्हणजे आपण केलेला अंदाज, त्याला प्रयोगाचा आधार लागतो. वेग आणि समतोल बाराव्या प्रकरणात येतात हे खरं, पण मेकॅनिझम शोधून कसा काढतात याचं सलग विवेचन दुसऱ्या आवृत्तीत थेट ३९व्या प्रकरणात आहे. एकूण प्रकरणं ४३. आपल्या सेमिस्टरच्या धावपळीत तिथवर पोचतो कोण? तोपर्यंत शेकडो बाण डोळ्यांखालून गेलेले असतात, आणि ते डोळ्यांनी पाहिल्यासारखे खरे वाटू लागतात.

एक उदाहरण घेऊ. कॅनिझारो. बेंझाल्डिहाइडला अल्फा हायड्रोजन नाही, म्हणून ईनोलेट नाही. तीव्र अल्कलीत हायड्रॉक्साइड कार्बोनिलवर येतो, मग तिथला हायड्रोजन आपली इलेक्ट्रॉन जोडी घेऊन दुसऱ्या अल्डिहाइडवर जातो. एकाचं आम्ल, दुसऱ्याचं अल्कोहोल. बाण झकास काढता येतात. पण तो हायड्रोजन पाण्यातून आला नाही, हे कशावरून?

हीच रिॲक्शन जड पाण्यात करून बघतात. तयार झालेल्या अल्कोहोलच्या कार्बनवर ड्युटेरियम सापडत नाही. म्हणजे तो हायड्रोजन द्रावकातला नाही, दुसऱ्या अल्डिहाइडकडूनच आलाय. या प्रयोगाने आपला बाण 'सिद्ध' झाला असं नाही. एक दुसरा बाण बाद झाला. रसायनशास्त्रात बहुतेक वेळा एवढंच हाती लागतं, आणि तेवढंच पुरेसं असतं.

हा भाग मागे पडला की काय होतं, ते परीक्षेत दिसत नाही. नेट-सेटच्या प्रश्नाला योग्य पर्याय निवडला की झालं. पूर्वी नेम रिॲक्शन पाठ करायचो, आता मेकॅनिझम पाठ करतो. झेरॉक्सच्या नोट्स तेवढ्या बदलल्या. फटका बसतो पीएच.डी.ला आल्यावर. फ्लास्कमधून अपेक्षित नसलेलं उत्पादन निघतं, विद्यार्थी पाच मिनिटांत त्याला जुळणारे बाण काढून दाखवतो, आणि गाइड विचारतात, 'हे तपासणार कसं?' तिथे गप्प बसावं लागतं. कारण तो प्रश्न आधी कधी कुणी विचारलेलाच नसतो.

दुसरी तक्रार छोटी, पण आपल्या मुलांसाठी महत्त्वाची. दुसऱ्या आवृत्तीत प्रकरणाखालचे प्रश्न छापलेले नाहीत, ते वेबसाइटवर गेलेत. लायब्ररीतून आठवड्यासाठी पुस्तक आणणारा विद्यार्थी मग नुसतं वाचतो, सोडवत काहीच नाही. आणि ऑरगॅनिक नुसतं वाचून येत नाही.

मग क्लेडन वाचू नका असं म्हणतोय का? मुळीच नाही. फक्त क्रम थोडा मोडा. सहावं आणि बारावं प्रकरण झालं की ३९व्याची सुरुवातीची पानं वाचून घ्या. सगळं कळणार नाही, चालेल. त्यानंतर वहीत प्रत्येक मेकॅनिझमखाली एक ओळ रिकामी सोडा आणि तिथे लिहा : कुठला प्रयोग केला तर हा बाण चुकीचा ठरेल? सगळ्या ओळी भरणार नाहीत. ज्या रिकाम्या राहतील, त्या घेऊन सरांकडे किंवा मॅडमकडे जा.