तृष्णा, छन्द आणि दारिद्र्याचा गौरव

वर्षावासातील एका प्रवचनात चार आर्यसत्ये सांगताना प्रस्तुत लेखकाच्या तोंडून 'इच्छा हे दुःखाचे मूळ आहे' असे वाक्य सहज निघून गेले. प्रवचन संपल्यावर धुणीभांडी करून घर चालविणारी एक उपासिका पुढे आली आणि म्हणाली, "सर, पोरीला नर्स करायची माझी लई इच्छा हाय. ती बी सोडायची का?" त्या वेळी दिलेले उत्तर धड नव्हते. दोष तिच्या आकलनाचा नव्हता. दुसऱ्या आर्यसत्यात 'इच्छा' हा शब्दच नाही. तेथे 'तण्हा' आहे.

बौद्ध आणि ख्रिस्ती शिकवणुकीची तुलना करणाऱ्या लेखनात हाच घोटाळा शतकाहून अधिक काळ चालत आलेला आहे. मोनियर विल्यम्स यांचा बौद्ध धर्मावरील ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती धर्म जगाशी झुंजून त्यावर मात करावयास शिकवितो, तर बौद्ध धर्म जगापासून पळावयास सांगतो, अशी मांडणी त्यांनी त्यात केली. ते ऑक्सफर्डच्या ज्या बोडन अध्यासनावर होते, त्याच्या स्थापनेमागे बायबलचे संस्कृत भाषांतर होऊन भारतीयांचे धर्मांतर सुकर व्हावे असा देणगीदाराचा हेतू होता, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. त्यांची विद्वत्ता नाकारण्याचे कारण नाही. परंतु तण्हेचे तीन प्रकार सांगताना तथागतांनी कामतण्हा आणि भवतण्हा यांच्याबरोबर विभवतण्हाही सांगितली आहे. नाहीसे होण्याची ओढ हीसुद्धा तृष्णाच होय, असे म्हणणाऱ्या शिकवणुकीवर पलायनाचा आरोप टिकत नाही.

पाली भाषेत इच्छेसाठी एकच शब्द नाही. अभिधम्मात लोभ हा अकुशल चेतसिक आहे. 'छन्द' मात्र प्रकीर्णक आहे, म्हणजे ज्या चित्ताशी तो जोडला जाईल त्याप्रमाणे कुशल वा अकुशल होणारा. कामच्छन्द हे नीवरण आहे, आणि चार इद्धिपादांत पहिला इद्धिपाद छन्दाचाच आहे. सम्यक् व्यायामाचा आरंभही छन्द उत्पन्न करण्यापासून होतो. छन्दच नको म्हटले तर अष्टांगिक मार्गावर पहिले पाऊलही पडणार नाही.

ख्रिस्ती ग्रंथांतही हीच गुंतागुंत आहे, आणि आमच्या काही लेखकांनी ती पाहिलेली नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात जगाच्या मोहाचा निषेध करताना 'एपिथुमिया' हा ग्रीक शब्द येतो. लूकच्या शुभवर्तमानात शिष्यांबरोबर शेवटचे भोजन करण्याची उत्कंठा येशू व्यक्त करतो, तेथेही तोच शब्द आहे. मराठी अनुवादकाला पहिल्या ठिकाणी 'वासना' म्हणता येते, दुसऱ्या ठिकाणी नाही. पुढे संत ऑगस्टीनने ईश्वराकडे वळलेले प्रेम आणि वस्तूंत अडकलेली लालसा असा भेद केला. म्हणजे इच्छामात्राचा उच्छेद दोन्ही परंपरांना अभिप्रेत नाही. दोघींचा प्रश्न इच्छेच्या दिशेचा आणि मुळाचा आहे.

येथपर्यंतचे साम्य विद्वानांना सुखावणारे आहे. परंतु त्या उपासिकेच्या प्रश्नाचा गाभा वेगळा होता. ज्याच्याजवळ काही नाही, त्याला 'सोड' म्हणून सांगण्याचा अधिकार धर्माला आहे काय?

'द बुद्ध अँड द फ्यूचर ऑफ हिज रिलिजन' हा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लेख १९५० साली 'महाबोधी' मासिकात आला. धर्माने दारिद्र्याला पावित्र्य वा प्रतिष्ठा देऊ नये, अशी अट त्यांनी त्यात घातली. ज्याच्यापाशी संपत्ती आहे त्याने तिचा त्याग करणे ही धन्य अवस्था असू शकेल. दारिद्र्य मात्र कधीच धन्य नसते, असा त्यांचा निर्वाळा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात संतुष्टीचे विवेचन करतानाही त्यांनी हेच बजावले: संतोष म्हणजे परिस्थितीला शरण जाणे नव्हे. याला पालीत भरपूर आधार आहे. गृहस्थाच्या चार सुखांत तथागत अनाथपिण्डिकाला जे सांगतात, त्यात संपत्ती असण्याचे, ती उपभोगण्याचे आणि ऋणमुक्त असण्याचे सुख येते. चौथे निर्दोष आचरणाचे. महानिदानसुत्तात निषेध आहे तो तृष्णेपासून शोध, लाभ, परिग्रह, मात्सर्य आणि राखण या क्रमाने दण्ड, शस्त्र आणि कलह येथवर जाणाऱ्या साखळीचा. धुणीभांडी करणाऱ्या आईची आकांक्षा या साखळीत कोठे बसते?

मग दरिद्री धन्य होत, हे येशूचे वचन आपण सरळ त्याज्य ठरवावे काय? बाबासाहेबांचा रोख त्या वचनाच्या ज्या उपयोगावर आहे, तो इतिहासात घडलेला आहे. परलोकाचे आश्वासन देऊन इहलोकीचा अन्याय सहन करावयास लावण्यात आले, हे ख्रिस्ती विचारवंतही नाकारीत नाहीत. पण मूळ पाठ पाहिला पाहिजे. मत्तयच्या पाठात 'आत्म्याने दीन' असे शब्द आहेत. लूकच्या पाठात नुसते दरिद्री आहेत, आणि त्याच अध्यायात पुढे धनवंतांचा धिक्कार आहे. गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ च्या आपल्या मुक्तिवादी ग्रंथात भौतिक दारिद्र्याला अन्यायाचे फळ म्हटले, पुण्य नव्हे. श्रीलंकेतील जेसुइट आणि बौद्ध विद्येचे अभ्यासक अलॉयसियस पिएरिस यांनी लादलेले दारिद्र्य आणि स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य असा भेद केला. १९५० चा बाबासाहेबांचा भेद यापाशी किती जवळ येतो, हे वाचकच पाहतील.

खरा मतभेद याच्या पलीकडे आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्याला येशू सर्वस्व विकून गरिबांना वाटून दे असे सांगतो, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. ही कथा आमचे वक्ते धनलोभाचे उदाहरण म्हणून सांगतात. परंतु त्याचा मूळ प्रश्न होता, चिरंतन जीवन कसे मिळेल? ती इच्छा येशू तपासत नाही. ती त्याला मान्यच आहे. पालीचा विद्यार्थी येथेच थांबेल, कारण सदैव असण्याची ओढ ही भवतण्हा होय. चिरंतन जीवन म्हणजे अहंकाराचा विस्तार नसून ईश्वराशी नाते आहे, असे ख्रिस्ती उत्तर येते. ते प्रामाणिक आहे, पण ईश्वर गृहीत धरल्याशिवाय उभे राहत नाही. धम्मात तृष्णेचे कारण वेदनेत, म्हणजे सुखदुःखाच्या अनुभवात आणि अविद्येत शोधले जाते. इच्छा कोणाच्या चरणी अर्पण करावी हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

त्या उपासिकेला जे सांगावयास हवे होते, ते संयुत्तनिकायात आहे. कोसम्बीच्या घोसितारामात उण्णाभ ब्राह्मणाने आनन्दांना विचारले, छन्दानेच छन्द सोडावयाचा तर त्याला अंत कसा? आनन्दांनी उलट विचारले, आरामात यावे अशी इच्छा आपल्याला पूर्वी होती ना, आणि येथे पोहोचल्यावर ती शमली ना? उण्णाभ होय म्हणाला. पुढच्या वर्षावासात प्रस्तुत लेखकाने आर्यसत्यांऐवजी याच सुत्तापासून प्रवचनाला सुरुवात केली. ती उपासिका त्या दिवशी आली नव्हती. मुलीचा प्रवेश होता, असे शेजारणीने सांगितले.