नाच पाहावा पायांपासून

एखादा नाच पाहून आलेल्या माणसाला "कसा काय झाला?" म्हणून विचारावे, तर तो आधी कपड्यांविषयी बोलतो. मग चेहऱ्याविषयी, मग गाण्याविषयी. थोडा जाणता असला तर कथा कोणती होती आणि ती कळली की नाही, हेही सांगतो. पायांविषयी सहसा कुणी अवाक्षर काढीत नाही. नाटकवेड्या मराठी माणसाच्या दृष्टीने यात नवल नाही. आपले कान शब्दांवर पोसलेले. गायकाची तान कुठे निसटली हे आपल्याकडे पानवालाही सांगेल. पण नाचणारीचे पाऊल मात्रेवर पडले की मात्रेच्या मागे, हे सांगणारा शंभरांत एखादा. वर्तमानपत्रांतली परीक्षणेही याला अपवाद नाहीत. "भावमुद्रा लोभस होत्या, वेशभूषा साजेशी होती," एवढ्यावर नृत्याची बोळवण होते.

नाचाची पारख ही मूलतः पायांची पारख आहे आणि ती न शिकल्यामुळे आपण काही माणसांवर अन्यायही केला आहे, असे माझे मत आहे. मी नर्तकी नाही. शाळेत शिकविते, कादंबऱ्या लिहिते. परंतु दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने दीड-दोन महिने मुलींचे नाच बसताना पाहावे लागतात, आणि पाहता पाहता डोळ्यांना थोडे वळण लागते.

नाचाला अर्थ हवाच का, हा प्रश्न फार जुना आहे. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषींनी तो भरतमुनींना सरळच विचारला आहे. अभिनय अर्थ पोचविण्यासाठी निर्माण झाला हे ठीक. मग ज्याने गीताचा अर्थ कळत नाही, असे हे नृत्त कशाला निर्माण केले? भरतमुनींच्या उत्तराचा आशय असा, की नृत्ताला कोणत्याही अर्थाची अपेक्षा नाही; त्याने शोभा निर्माण होते म्हणून ते आहे. शिवाय ते लोकांना स्वभावतःच प्रिय आहे, मंगल आहे, आणि लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, आनंदाच्या प्रसंगी ते होत असते. पुढे तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि त्याचा सातवा अध्याय सबंध नर्तनाला दिला. हा शार्ङ्गदेव दरबारात हिशेबाच्या खात्याचा अधिकारी होता. जमाखर्च पाहणाऱ्या माणसाला नाचातल्या हातापायांच्या हालचाली मोजून लिहून ठेवाव्याशा वाटल्या, ही गोष्ट मला फार आवडते.

पायांकडे पाहावयाचे म्हणजे काय पाहावयाचे? तीन गोष्टी पुरेत. नाचणारी उभी कशी राहते, पाऊल कसे टाकते, आणि फिरून मूळ जागी कशी येते.

भरतनाट्यमची मुलगी उभी राहते ती अरमंडीत. गुडघे बाहेरच्या बाजूंना वळलेले, शरीर अर्धे खाली बसलेले, पाठ मात्र ताठ. या बैठकीत पाय एकामागून एक उचलायचा आणि सपाट तळव्याने जमिनीवर मारायचा, हा पहिला धडा. त्याला तट्टडवू म्हणतात. तोच धडा आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट लयीत. आपण दोन मिनिटे अरमंडीत राहून पाहावे. मांड्या थरथरू लागतात, आणि मग रंगमंचावरची मुलगी त्याच बैठकीत हसतमुखाने अर्धा तास वर्णम् करते तेव्हा ते हसू किती महाग आहे, हे समजते.

कथकची मुलगी ताठ उभी राहते. तिचा पहिला धडा ततकार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. उजवा, डावा, उजवा, डावा. आणि पुढचा पुन्हा डावाच, मग उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथे आणि पाचवे पाऊल एकाच पायाचे. एवढ्याशा युक्तीने पहिली चार पावले उजव्याने सुरू होतात आणि दुसरी चार डाव्याने, दोन्ही पायांना सारखा मान मिळतो. घरात कुणी पाहत नसताना वाचकांनी हे करून पाहावे. आठ पावलांचे हे आवर्तन दोनदा झाले की तीनतालाच्या सोळा मात्रा भरतात. पुढची सारी कारागिरी, तुकडे, तिहाया, चक्कर, या पायावर उभी असते. गरगर फिरून आलेली मुलगी नेमकी समेवर थांबते तेव्हा आपण टाळी वाजवितो ती चकराला. ती खरी द्यायला हवी थांबण्याला.

आता लावणी. नऊवारीचा कासोटा पायांना जी मोकळीक देतो, ती गोल नेसलेल्या पातळात मिळणार नाही. पायांत चाळ, आणि समोर ढोलकी. ढोलकीवाला एक तुकडा टाकतो, पाऊल त्याला उत्तर देते. कधी पाऊलच आधी बोलते आणि ढोलकी त्याच्या मागे धावते. ही बोलाचाली ठरवून बसविलेली असते तेवढीच ऐन वेळी सुचलेलीही असते. हे ऐकू यायला डोळे क्षणभर त्या बाईच्या चेहऱ्यावरून खाली यावे लागतात.

यावर कुणी म्हणेल, बैठकीच्या लावणीचे काय? तिथे तर बाई बसूनच अदा करते. आक्षेप योग्य आहे. यमुनाबाई वाईकरांचे नाव झाले ते याच अंगाने. त्यांना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री, आणि २०१८ मध्ये त्या निवर्तल्या. परंतु बसलेल्या बाईच्या अंगातही लय चालू असते. एकच ओळ पाचसहा तऱ्हांनी रंगविताना हात कुठे उचलायचा आणि भुवई कुठे सोडायची, हे ती त्या लयीच्या आधारावर ठरविते. पाय थांबले तरी पायांचे शिक्षण थांबत नाही. ज्यांचे ते शिक्षण झालेलेच नाही, त्यांच्या अदेत नुसती डोळ्यांची उघडझाप उरते. हल्लीच्या पडद्यावरच्या पुष्कळशा लावण्यांत हेच दिसते. कॅमेरा दर दोन क्षणांनी जागा बदलतो. पाऊल उचललेले दिसते, पडलेले दिसत नाही.

अन्याय झाला म्हटले तो इथे. १९४७ साली पुण्यात रोहिणी भाटे यांनी 'नृत्यभारती' सुरू केली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने कथक शिकावे आणि शिकवावे, हे त्या काळी धाडसच होते. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली, आणि २००८ साली त्या गेल्या तोवर पिढ्या घडविल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्याच सुमारास, १९४७-४८ मध्ये, मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती अटींसह उठली. अश्लीलतेचा आक्षेप सगळाच खोटा होता असे मी म्हणत नाही. परंतु एकाच प्रांतात, एकाच वेळी, एका नाचाला शाळा मिळाली आणि दुसऱ्याला कुलूप, हे विसरता येत नाही. निवाडा करणाऱ्यांनी कोण नाचते ते पाहिले. कसे नाचते, हे पाहण्याची दृष्टी असती तर वगातले शब्द तपासता तपासता फडावरची पावले तरी जपली गेली असती.

असाच निवाडा दक्षिणेत निराळ्या प्रकारे झाला, आणि त्याच्याशी आपला जवळचा संबंध आहे. आज ज्याला आपण भरतनाट्यम म्हणतो, त्याच्या कार्यक्रमाचा अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा क्रम घडविण्याचे श्रेय तंजावरच्या चार भावांना, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू यांना दिले जाते. ते भोसल्यांच्या दरबारी होते. १७९८ ते १८३२ राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत रचनाही केल्या. म्हणजे हे नृत्य एके काळी आपल्या भाषेवर नाचले गेले आहे! ते नाचणाऱ्या बायका देवदासी होत्या. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ई. कृष्ण अय्यर, रुक्मिणीदेवी अरुंडेल आदींनी 'सदिर' म्हणून हिणवल्या गेलेल्या या नाचाला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९३६ साली रुक्मिणीदेवींची 'कलाक्षेत्र' संस्था निघाली. १९४७ साली मद्रास प्रांतात मुली देवाला वाहण्याविरुद्ध कायदा झाला, तो योग्यच होता. नाच वाचला. पण ज्या घराण्यांनी तो सांभाळला, त्यांच्यापैकी अनेकींच्या वाट्याला त्या प्रतिष्ठेतले फारसे आले नाही.

आपल्या विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण घ्या. १९५७ आणि १९९० साली त्यांचा राष्ट्रपतिपदकाने गौरव झाला. २००२ साली त्या गेल्या, आणि त्यांच्या नावाने शासन आता तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्याविषयी कुणालाही विचारा, एकच गोष्ट सांगितली जाते. भर कार्यक्रमात कळा आल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकून अंगावर काटा येतो. परंतु विठाबाईंचे पाऊल कसे पडे, ढोलकीशी त्या कशा खेळत, फडात त्यांची चाल इतरींहून कशी निराळी होती, हे मला कुणी सांगितलेले नाही. त्यांचे हाल आपण लक्षात ठेवले आणि त्यांची कला विसरलो. कलावंताची याहून मोठी उपेक्षा कोणती?

हे सगळे जुने झाले, असे म्हणावयाची सोय नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या संमेलनात नववीतली एक मुलगी लावणी करणार होती. तिची पावले मी पाहिली होती. साफ आणि ठाम. कार्यक्रमपत्रिका छापावयाच्या वेळी एक पालक म्हणाले, "बाई, भरतनाट्यम चालेल, कथक चालेल. लावणी शब्द तेवढा नको." शेवटी पत्रिकेवर 'लोकनृत्य' असे छापले गेले. मुलगी नाचली तीच लावणी. त्याच पालकांनी टाळ्याही वाजविल्या. पण घरी ठेवायला तिला जो कागद मिळाला, त्यावर तिच्या नाचाचे नाव नव्हते.

नाच मुलांना शिकवावा की नाही, या प्रश्नावर हल्ली फायद्यांची यादी पुढे केली जाते. फायदे आहेतच. तोल सुधारतो, दम वाढतो, पाठीला बाक येत नाही, मोजणी अंगात मुरते. २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. पाच-एक वर्षांच्या त्या पाहणीत स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी ज्याचा संबंध दिसला, असा शारीरिक व्यायाम एकच होता: नाच. पोहणे, चालणे यांच्याबाबत तसा संबंध आढळला नाही. अर्थात संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. ज्यांची बुद्धी शाबूत तेच नाचत राहिले, असेही असू शकेल. तरी गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नाचताना शरीराबरोबर स्मरणही राबते, कानही राबतो आणि शेजारणीकडेही लक्ष ठेवावे लागते.

आपल्या आज्या-पणज्यांनी यातले काही वाचले नव्हते. त्यांच्याजवळ मंगळागौर होती. फुगडी घ्या. दोघींचे हात एकमेकींत तिढ्याने गुंतलेले, पावलांची टोके जुळलेली, आणि अंगे मागे झुकलेली. एकीचे वजन दुसरीला सावरते आणि दुसरीचे पहिलीला. एकीने हात सैल सोडला तर दोघी पडतात. जितका विश्वास अधिक तितके मागे झुकता येते, आणि जितके मागे झुकावे तितकी गती वाढते. गोव्याच्या फुगडीत बायका फेर धरून गातात. त्या फेरातही पाऊल शेजारणीच्या पावलाशी जुळवूनच टाकावे लागते. वारीतली पावली घ्या. टाळाच्या ठेक्यावर शेकडो पाय एकदम पुढे पडतात, एकदम मागे येतात. पंच्याहत्तरीचा वारकरीही त्यात असतो. यांतला एकही नाच पाहणाऱ्यासाठी नव्हता. हल्ली मंगळागौरीचे संच रंगमंचावर स्पर्धा करतात. जुने खेळ टिकतात हे चांगलेच. मात्र एकसारख्या नऊवाऱ्या नेसून प्रेक्षकांकडे तोंड करून फुगडी खेळणाऱ्या बायका पाहिल्या, की वाटते, या एकमेकींकडे कधी पाहणार?

फायद्यांच्या यादीवर माझा आक्षेप एवढाच, की नाच म्हणजे काढा होऊन बसतो, नाक दाबून घ्यावयाचा. ज्याने शोभा येते, जे लोकांना मुळातच आवडते, आणि जे मंगल प्रसंगी होते, ते आणखी कशाच्या शिफारशीवाचून करावे. भरतमुनींचे उत्तर मला या यादीपेक्षा पुरेसे वाटते.

दिवाळीनंतर शाळाशाळांत संमेलनांची तयारी सुरू होईल. मोबाईलवर पाहून तीन मिनिटांचे गाणे हावभावांसह पाठ करवून घेण्याचा रिवाज आता सर्वत्र झाला आहे. त्याऐवजी पहिला आठवडा गाणे बाजूला ठेवून मुलामुलींना नुसते उभे राहायला, पाऊल टाकायला आणि मोजायला शिकवावे. मुलांनाही, कारण लेझीम खेळणारे पाय काही मुलींपेक्षा निराळे नसतात. पत्रिकेवर लावणीला लावणी म्हणावे. आणि आपण पालकांनी समोर बसल्यावर पोराचा चेहरा मोबाईलमध्ये टिपून झाला, की तो खिशात घालून थोडा वेळ खाली, त्याच्या पायांकडे पाहावे. तो चुकला तर तिथेच कळेल, आणि साधला तर तेही तिथेच कळेल.