आठ वेळा निम्मं

हृदयाच्या तालातले बिघाड ओळखणाऱ्या डीप लर्निंगवरचा एक शोधनिबंध २०१७ मध्ये आला. प्रणव राजपूरकर, आवनी हॅनन, अँड्र्यू एन्ग आणि सहकारी हे त्याचे लेखक. त्यातल्या निकालांपेक्षा काळाची हाताळणी मला अधिक देखणी वाटते.

छातीवर चिकटवलेला छोटा मॉनिटर सेकंदाला २०० नोंदी घेतो. डॉक्टर ईसीजी वाचताना लाटा ओळखतात, त्यांतली अंतरं मोजतात. निबंधातल्या डीप लर्निंग नेटवर्कला यातलं काही पढवलेलं नाही. कच्ची रेघच ३४ थरांतून जाते. वाटेत आठ ठिकाणी नोंदी निम्म्या होतात. आठ वेळा निम्मं केल्यावर २५६ नोंदींमागे एक उरते, म्हणून दर १.२८ सेकंदाला एक निवाडा. तेवढ्या वेळात हृदयाचे एकदोन ठोके पडतात.

एकदोन ठोक्यांवरून ताल कसा कळावा? वेंकेबाख नावाच्या बिघाडात हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खाली पोचायला दर ठोक्याला थोडा अधिक वेळ लागतो, आणि शेवटी एक ठोका गळतो. ठेका कुठे घसरला हे एका मात्रेवरून कळत नाही, आवर्तन ऐकावं लागतं, तसंच हे. निवाडा १.२८ सेकंदांचा असला, तरी तो देताना नेटवर्क मागचे-पुढचे कित्येक सेकंद जमेस धरतं.

पण पुढचं पाहायला ते आधी घडावं लागतं. निबंधातले ईसीजी ३० सेकंदांचे, आधीच साठवलेले. तिथे ही अडचण येत नाही. वाहत्या प्रवाहावर मात्र उत्तराआधी थांबणं आलं. किती थांबायचं, हे आजारावर ठरेल: अधूनमधून उमटणाऱ्या अनियमिततेत सवड असते, जीवघेण्या तालात नसते.

निवाड्याचे वर्ग १४ आहेत: बारा बिघाड, एक निरोगी ताल आणि चौदावा गोंगाट. पट्टी सैल झाली, अंग हललं, तर ओढूनताणून ताल सांगायची सक्ती नाही, ही सोय मला फार आवडते.

चाचणीच्या ३३६ ईसीजींवर नेटवर्क सहा हृदयरोगतज्ज्ञांच्या सरासरीपेक्षा सरस ठरलं. तरी खालच्या कप्प्यातून उठणाऱ्या मंद आणि वेगवान तालांत त्याची गल्लत होते. या दोहोंत फरक जवळजवळ फक्त वेगाचा, आणि ताल कुठे बदलला म्हणायचं ती सीमा वैद्यकानं आखलेली. रेघेत ती कुठेच उमटलेली नसते.