मधला स्पीकर कुणासाठी?

घरच्या सराउंड साउंडला मधला, म्हणजे सेंटर स्पीकर लागतो का, हा प्रश्न दुकानातला वाटतो. आम्हाला तो तत्त्वज्ञानातलाही वाटतो. म्हणून 'नको' म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडू.

ते म्हणतात, डाव्या-उजव्या स्पीकरमधून एकच आवाज सारख्या जोराने आला, तर तो बरोबर मधून येतोय असं वाटतं. तिथे काही नसतं, तरी वाटतं. मग मधे खोकं कशाला? शिवाय टीव्हीखाली आडवा टाकलेला स्वस्त सेंटर बाजूच्या स्पीकरांशी जुळत नाही, आवाजाचा पोत बदलतो. हे खरंच आहे. एकटा माणूस, मधली खुर्ची, दोन चांगले स्पीकर, एवढ्यात भागतं.

पण हा आभास कुणाला होतो, हे विचारायला नको का? अंधारात दोरीचा साप कुठूनही दिसेल; हा आवाज मात्र मधल्या खुर्चीपुरताच मधे असतो. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा फूटभर जवळ आला, की त्याचा आवाज जवळपास एक मिलिसेकंद आधी पोचतो आणि कान त्या आधी आलेल्या आवाजाकडे वळतो. पात्र पडद्यावर आणि त्याचं बोलणं कोपऱ्यात!

सिनेमावाल्यांना हे मोठ्या सभागृहामुळे लवकर कळलं. 1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला तेव्हा आवाजाची वाट एकच होती. 1933 साली बेल लॅबने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला तो तीन वाहिन्यांवरून. दोनवरून नव्हे, तीनवरून. आजही 5.1 मध्ये बहुतेक संवाद मधल्या वाहिनीतच असतात.

आता आपल्या शिरपूरचं घर घ्या. मे महिना, कूलर घरघरतोय. मुलं जमिनीवर, सून दाराशी, आजी भिंतीकडच्या दिवाणावर. मधली खुर्ची बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाची. आता चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' लावा. कॅमेरा लांब, स्थिर. माणसं लहान दिसतात. सरकारी वकीलबाई कलमांमागून कलमं सपाट आवाजात वाचतात. त्या सपाटपणातच सिनेमाची टीका आहे. शब्द कानातून निसटले, तर उरतो फक्त कंटाळा. आजी विचारते, "काय म्हणाली ती?" दोनदा उत्तर मिळतं, तिसऱ्यांदा "थांब ना जरा." चौथ्यांदा ती विचारतच नाही. वय झालं की व्यंजनं आधी हरवतात, हे आमच्या वयाच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणून आमचं मत असं, की मधला स्पीकर मधे बसणाऱ्यासाठी नसतोच. तो कडेला बसलेल्यांसाठी असतो. जो त्याला अनावश्यक म्हणतो, तो बहुधा मधल्या खुर्चीतून बोलत असतो.

घ्यायचाच तर बाजूच्या स्पीकरांच्याच मालिकेतला घ्या, त्याचं तोंड कानाच्या दिशेने करा आणि पातळी दोन-तीन डेसिबल वाढवून पाहा. परवडत नसेल, तर रिसीव्हरला 'सेंटर नाही' असं सांगायला विसरू नका; मग तो संवाद दोन्हीकडे वाटतो. आणि निदान त्या मधल्या खुर्चीवर आजीला बसवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.